जगज्जेतेपद आणि बाथरूमचं कुलूप

नयनाताईंनी दह्याची वाटी नवऱ्यासमोर ठेवली आणि विश्वजित मोहित्यांनी उचललेला घोडा हातातच धरून बुद्धिबळाचं घड्याळ थांबवलं.

"हरकत आहे," ते म्हणाले.

"दह्याला?" राजाराम घैसासांनी विचारलं.

"दही येण्याच्या वेळेला. ही खूण असू शकते. खऱ्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात दह्यावरून तक्रार झाली होती, माहितीये ना?"

राजारामना माहीत होतं. जगज्जेतेपदाच्या सामन्यांतली सगळी भांडणं दोघांना पाठ होती, डाव मात्र एकही नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले राजाराम आणि संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले विश्वजित दर उन्हाळ्यात लखनौच्या सरोजिनी नगरमधल्या राजारामांच्या फ्लॅटमध्ये आपलं घरगुती जगज्जेतेपद खेळत. गेली दोन वर्षं विश्वजित जिंकले होते. यंदा बरोबरी होती आणि आजचा डाव शेवटचा. त्यात राजारामांचा उंट असा कोंडला होता, की भांडण निघाल्याचं त्यांना मनातून बरंच वाटलं.

"अरे, नयनाला उंट कुठला नि हत्ती कुठला हे कळत नाही!"

"खूण करायला कळावं लागत नाही."

"भाईसाहेब, यांनी दही मागितलं, मी दिलं," नयनाताई म्हणाल्या. "खुणा करायला मला सवड नाही."

"मग मीही बोलतो," राजाराम तापले. "तू सारखा बाथरूमला जातोस. खिशात मोबाइल असतो. आणि परत आलास की चाल बरी करतोस!"

"मला शुगर आहे, राजाराम!"

"असेल. पण जगज्जेतेपदात बाथरूमलासुद्धा कुलूप लागलेलं आहे."

"मग लाव की! कोण नाही म्हणतंय?"

राजारामनी खरोखरच मालगाडीच्या डब्याला शोभेल असं जाडजूड कुलूप शोधून काढलं आणि घरातल्या एकुलत्या एका बाथरूमला ठोकलं. किल्ली तटस्थ माणसाकडे हवी, म्हणून ती विश्वजितबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोकडे, सरलाताईंकडे द्यायचं ठरलं.

"सरलावहिनी तटस्थ आहेत?" राजारामनी विचारलं.

"माझ्या बाजूच्या तर कधीच नसतात," विश्वजित म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं.

दह्याचाही निकाल लागला. त्याचं तांब्याभर ताक करायचं आणि दोघांनी सारखं प्यायचं, म्हणजे कुणालाच खूण नको. नयनाताईंनी ताक घुसळून ठेवलं, पदर खोचला होता तो सोडला आणि म्हणाल्या, "चल गं सरला, आपण हजरतगंजला जाऊन येऊ. यांना भांडू दे निवांत."

दोघी मेट्रोनं गेल्या. ताक संपत आलं. डाव मात्र हलेना, कारण विश्वजित घोडा हातात घेऊन नुसते बसून होते. थोड्या वेळानं त्यांचा गुडघा हलायला लागला. राजारामना मोठी मौज वाटली. मग आपलाही गुडघा हलतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटी विश्वजितनी फोन लावला. "सरला, किल्ली कुठाय?"

"माझ्या पर्समधे. अगदी तटस्थ. आम्ही आत्ताच चाट सांगितलीय."

दोघं एकदमच उठले. चार गुडघे टेबलाला लागले, पट उलटला, सोंगट्या खोलीभर पळाल्या. त्यांच्याकडे बघायला कुणी थांबलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाजपेयींनी दार उघडलं. "आइए, आइए! दोनों साहब एक साथ! पहले बैठिए। बहू, लस्सी लाना!"

"लस्सी नको... मतलब, रहने दीजिए..."

"अरे, तकल्लुफ़ कैसा!"

उंचच उंच दोन ग्लास आले. ते बघून विश्वजितनी डोळे मिटले. समोर सूनबाई उभी. अखेर राजारामनी फलाटावरचा आवाज काढला, "बाजपेयीजी, आपका बाथरूम किधर है?"

"क्यों, ऊपर पानी नहीं आ रहा?"

"पानी आ रहा है, चाबी नहीं आ रही!"

बाजपेयींनी दार दाखवलं. राजाराम दोन पावलं पुढे गेले, त्यांनी मागे वळून मित्राचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि ते बाजूला झाले. "जा तू. तुला शुगर आहे."

नंतर वर येऊन दोघं टेबलाखाली सोंगट्या वेचू लागले.

"विश्वजित, खरं सांगू?" राजाराम कोचाखालून म्हणाले. "माझा उंट जात होता. जिंकत तूच होतास."

"मी? अरे, घोडा उचलला आणि दिसलं, की वजीर उघडा पडतोय. शिवलेली सोंगटी हलवावीच लागते. म्हणून तर दह्यावर हरकत घेतली!"

"काहीतरीच! तुझा वजीर मजेत होता."

"माझ्या वजिराचं मला सांगू नकोस. मी हरत होतो!"

"मी हरत होतो!"

दार उघडून दोघी आत आल्या. "काय हो, जिंकलं कोण?" नयनाताईंनी विचारलं.

"हा!" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून ओरडले.

विश्वजितनी तणतणत चपला घातल्या. "चल सरला. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही." जिना अर्धा उतरल्यावर ते पुन्हा वळले. "उद्या येतोय मी. सगळा डाव पहिल्यापासून मांडून माझा पराभव सिद्ध करून दाखवतो!"

"ये तर खरा!" राजाराम कठड्यावरून वाकून गरजले. "बघतोच, माझ्या घरात येऊन कसा हरतोस ते!"