पयले उल्टं फिरव

आमचे शेजारी गावंडेकाका भिंतीला साधं कॅलेंडर टांगायचं असलं, तरी त्या जागी आधी कागदी टेप चिकटवतात. टेपवर पेन्सिलीने फुली मारतात, एक डोळा मिटून तिच्याकडे बघतात आणि मग ड्रिल मशीन उचलून ते उलटं फिरवतात. उलटं म्हणजे खरोखरच उलटं. त्याने भोक पडत नाही, नुसती कुरकुर ऐकू येते. तुम्ही "काका, हे काय?" असं विचारलंत की मेलात. खुर्ची येते, चहा येतो आणि व्याख्यान सुरू होतं.

"पयले उल्टं फिरव, मंग सुल्टं. घाई करनाऱ्याचं काम फुटते बावा."

हे खूळ त्यांना फायबरच्या गाडीपायी लागलं. काका बडनेऱ्याला रेल्वेत होते. आमच्या लेआउटमधली, म्हणजे कॉलनीतली, रिटायर माणसं एकतर भजनी मंडळात जातात किंवा प्लॉटची दलाली करतात. काकांनी एक जुनी मोटार घेतली, तिचे पत्रे सोलून काढले आणि उरलेल्या सांगाड्यावर बसवायला अकोल्याहून फायबरची बॉडी बनवून आणली. ती टेम्पोतून पालथी आली. समोरच्या वहिनींना वाटलं, पाण्याची टाकी आहे. कोणी म्हणालं, नदीतली नाव आहे. मग "अमरावतीत नाव कायले लागते बाप्पा?" यावर फाटकापाशी बराच वेळ चर्चा झाली.

"काका, आरटीओवाले पास करतील का हे?" मी विचारलं.

"कागद जुनेच हायेत. कपडे बदलले म्हनून मानूस बदलते काय?"

आरटीओला हा सिद्धांत मान्य आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही.

तर फायबरच्या वर एक चकचकीत थर असतो. ड्रिल जोरात दाबलं की तो भोकाभोवती तडकतो, आणि मग सगळी बॉडी कितीही सुंदर असो, लोकांना तेवढंच दिसतं. म्हणून ती टेप. म्हणून उलटी फिरकी. तिने वरचा थर हळूहळू घासला जातो. मग सुलटं, तेही मागून लाकडाचा ठोकळा लावून.

"दाबाचं नाई," काका बजावायचे. "त्याले वाटलं पायजे का भोक आपल्याच मर्जीनं पडून राहिलं."

हे तत्त्वज्ञान त्यांनी ड्रिलपुरतं ठेवलं असतं तरी ठीक होतं. मुलगी बघायला निघालेल्या पुतण्यालाही त्यांनी सल्ला दिला, "पयले नाई म्हन, मंग हो म्हन." पोराने तसं केलं. मुलीकडच्यांनी पहिलंच ऐकलं आणि दुसरीकडे जमवून टाकलं.

त्या भोकांचा भुसा उडून आमच्या दोरीवरच्या बनियनवर बसायचा. मी ऑफिसात दिवसभर खाजवत असायचो. शेवटी साहेबांनी दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात मला एका कातडीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं.

काकू हे सगळं खिडकीतून बघायच्या. मागे न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पुढे तिवशाला एका लग्नाला निघताना चौघांनी त्यांना उचलून उंच जीपमध्ये चढवलं, तुरीचं पोतं चढवावं तसं. त्या दिवसापासून काकूंनी बाहेर जाणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, चार घरं पलीकडची मैत्रीणही नाही. "मी कोठी जात नाई, अन् मले कोनी उचलत नाई," असं त्या सांगायच्या. बायको घरात कोंडून बसलेली आणि हा गृहस्थ अंगणात गाडीला टेपा लावतोय, याचा मला मनापासून राग यायचा. एकदा मी तसं सुनावलंसुद्धा. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मशीन चालू केलं.

दिवाळीला अकोल्याचे जावई आले. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्या हातांना गप्प बसवत नाही. गाडी तोवर चालू झाली होती. एकच काम उरलं होतं: दरवाजाच्या चौकटीवर टेप, टेपवर फुली. काका अंघोळीला गेले. सासऱ्यांना तेवढीच मदत म्हणून जावयांनी ड्रिल उचललं आणि दाबलं. सुलटं. कट् असा आवाज आला. टेप सोलून काढली, तर थर चांदणीसारखा तडकला होता.

आमच्याकडे जावयाने घर पेटवलं तरी सासरा विचारतो, ऊब मिळाली का? त्यामुळे टॉवेल गुंडाळून आलेले काका "जमलं, जमलं" म्हणतील अशीच आमची सगळ्यांची खात्री होती. काकांनी तो तडा बघितला आणि त्यांचा आवाज फुटला.

"कोनं सांगतलं होतं तुमाले? थ्या फुलीवर दांडा बसनार होता! तुमच्या सासूले धरासाठी! तिच्या हाताच्या उंचीवर मोजून काढली मी ते फुली. दांडा धरून तिले सोताच गाडीत बसता आलं पायजे. कोनाच्या बापानं उचलाची गरज नाई पडली पायजे तिले!"

जावयांची मान खाली गेली. मी गाडीकडे बघितलं. दरवाजा इतका रुंद का, सीट पलंगाएवढ्याच उंचीची का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी ज्याला म्हाताऱ्याचा नाद समजत होतो, ते सगळं या माणसाने बायकोसाठी केलं होतं आणि तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

वॉकर वाजला. काकू उंबरठा ओलांडून अंगणात आल्या. एक एक पाऊल टाकत गाडीपाशी पोचल्या आणि त्यांनी तड्यावर तळहात ठेवला. हात बरोबर तिथेच बसला.

"इथंच बसवा दांडा. माह्या हाताखाली कोनाले दिसते?"

"नाई, मी नवा थर देतो," काका डोळे पुसत म्हणाले. "घासून एकदम पयल्यासारखं करतो. महिनाभर थांब."

"महिनाभर?" काकूंनी तळहात काढला नाही. "मी नाई थांबत. मले बाहेर जायाचं हाय."