शेपटीचा संशय

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला निघालेलं सकाळचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबलं. यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की कॅप्टन दीपमाला यांनी नियमात लिहिलेली तपासणी खरोखरच केली.

तपासणी साधी असते. विमानाच्या शेपटीला हलत्या फळ्या असतात. पायलटनं पुढ्यातला दांडा मागं ओढला की त्या वर होतात आणि विमानाचं नाक उचललं जातं. कागदाच्या विमानाची शेपटी दुमडणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. विमान कंपन्या पोरांना सल्लागार नेमत नाहीत, एवढंच.

दांडा निम्म्यावर येऊन अडला. पुन्हा ओढला, पुन्हा अडला.

"परत फिरू या," दीपमाला म्हणाल्या.

"मॅडम, या वर्षी तुम्ही एकदा फिरलाय," सहवैमानिक विश्वजीत हळूच म्हणाला. "आणखी एकदा फिरलात तर कंपनी तुम्हाला खाली बसवील."

"नाही फिरले तर आपण सगळेच खाली बसू. कायमचे."

त्यांनी कंपनीचे इथले व्यवस्थापक रामहरी यांना रेडिओवरून कळवलं. रामहरी शांत, सज्जन आणि नियमाला धरून असलेले गृहस्थ.

"बिघाड आहे का, मॅडम?"

"संशय आहे."

"मग अवघड आहे. कॉम्प्युटरमध्ये बिघाडाला रकाना आहे, संशयाला नाय. बिघाड सिद्ध झाल्याशिवाय इंजिनिअर पाठवता येत नाय."

"आणि सिद्ध कोण करतं?"

"इंजिनिअरच की."

"तो आल्याशिवाय कसा करील?"

रामहरींनी सहानुभूतीनं विचार केला. "एक मार्ग आहे. तुम्ही उडून बघा. नाक उचललं नाय, की आपोआप सिद्ध होतं. मी लगेच नोंद घेतो."

यानंतर दीपमालांनी दुसरी चूक केली. माईक घेऊन प्रवाशांना खरं ते सांगितलं.

वैजापूरचे कांद्याचे व्यापारी बद्रीनाथशेठ पट्टा सोडून उभे राहिले आणि थेट पुढच्या दारापाशी आले. दीपमाला समजूत घालायला बाहेर आल्या.

"शेपटीचं काय घेऊन बसलात, ताई? आमची जीप बिगरब्रेकची वैजापूरहून इथवर येती. हळू चालवा ना जरा!"

"विमान हळू चालवलं तर पडतं, काका."

"मग जोरात चालवा!"

"धक्का मारायचा का?" मागून कुणीतरी तयारी दाखवली.

सोयगावच्या गोजरबाई पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकी, देवाचं नाव घे अन् सोड गाडी. समदे बसलेत की."

एकानं मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावला. विमान ठीक असल्याचं सहायकानं मुंबईतूनच सांगितलं. मग शेपटी ठणठणीत असल्याचा ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, आणि ते पायलटचं असल्यामुळे धरलं गेलं नाही.

दीपमालांनी विमान परत वळवलं.

आता ते दुसऱ्या विमानाची जागा अडवून उभं राहिलं. जागा अडवण्याला कॉम्प्युटरमध्ये रकाना होता, म्हणून इंजिनिअर आला. शेपटीतलं एक बेअरिंग गंजून जाम झालं होतं. त्यानं ते बदललं, फळ्या वर-खाली करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्या घडीला इतकं तपासलेलं विमान देशात दुसरं नसावं.

रामहरींनी खाली उतरवलेल्या प्रवाशांना पुन्हा चढायची विनंती केली.

"त्या खटाऱ्यात?" बद्रीनाथशेठ कडाडले. "येडे समजता का आम्हाला? आमच्या जिवाला काय किंमत हाय का नाय? दुसरं विमान द्या!"

दुसरं विमान आलं. त्याच्या पायलटनं उशीर भरून काढायचा म्हणून काही तपासलं नाही, आणि काही तपासलं नाही म्हणून सांगण्यासारखंही काही उरलं नाही. "पायलट असावा तर असा," म्हणत सगळे निर्धास्त झोपी गेले.

दीपमालांची चौकशी झाली. परत फिरणं योग्यच होतं, असं समितीनं मान्य केलं. ठपका ठेवला तो प्रवाशांना माहिती देऊन घाबरवल्याचा. शिवाय एक सुधारणाही सुचवली. शेपटीची तपासणी यापुढे मुक्कामी उतरल्यावर करावी. त्यामुळे प्रवाशांचा खोळंबा होत नाही, आणि विमान सुखरूप उतरलेलंच असल्यानं निकालही नेहमी समाधानकारक येतो.

दीपमालांनी पुन्हा उडावं की नाही, हा निर्णय मात्र कंपनीनं लोकशाहीवर सोपवला. सगळ्या जुन्या प्रवाशांच्या मोबाईलवर संदेश गेला: 'वेळेवर निघणाऱ्या पायलटला किती तारे द्याल? थांबवणाऱ्याला किती?'

दीपमाला आता मुख्यालयात खुर्चीवर बसतात.

तुम्हालाही आला होता तो संदेश. पट्ट्यावरून बॅग यायची वाट पाहता पाहता तुम्ही एकाला पाच तारे दिलेत, एकाला एक. खाली कारणही विचारलं होतं. ती जागा तुम्ही रिकामीच सोडलीत.