भाऊसाहेब बादलीत मावतील का?

"ए चुळबुळ्या! बाकाला खिळ्यांनी ठोकून ठेवू का तुला?"

चौथीतल्या मास्तरांचा हा आवाज अजून माझ्या कानात घुमतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब बसतो, तसा मी बाकावर बसायचो. पण ते दिवस गेले! आता पन्नाशी आली, केस पिकले, स्वभाव मुरला. त्यामुळे सासरेबुवांनी त्यांचं समुद्रफूल सहा दिवस माझ्या हवाली केलं, तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "बाबा, निर्धास्त जा. नुसतं बसायचं तर आहे!"

वाचकहो, माणसानं बोलताना जरा जपून बोलावं.

सासूबाई गेल्यानंतर सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले. जन्मभर त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले होते. येताना एक पेटी, एक छत्री आणि भलंमोठं मौन घेऊन आले. महिन्याभरात बैठकीच्या खोलीत काचेची टाकी आली, तिच्यात खारं पाणी आलं. पुढे बरेच महिने ते त्या रिकाम्या पाण्याचंच तापमान लिहीत बसले. "पाणी मुरावं लागतं," एवढंच म्हणाले. मग एके दिवशी समुद्रफूल आलं.

दिसतं फूल, पण आहे प्राणी. दगडाला पाय चिकटवून बसतं, शंभर बोटं पाण्यात सोडतं आणि डोलतं. डोलतं कसं? नदीकाठचं गवत वाऱ्याला होकार देतं ना, तसं! बायकोनं त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. एका जागी बसून सगळ्यांकडून करून घ्यायचं आणि मनाविरुद्ध झालं की तोंड मिटायचं, म्हणून!

सासरेबुवा रोज सकाळी सातला पाण्याचा खारटपणा मोजायचे आणि वहीत लिहायचे. माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायचे. त्यातले दोन "जावईबापू" आणि "बरं" असायचे. कचेरीत मला मोठ्या साहेबांची शाबासकी मिळाली, पोरीच्या शाळेत बक्षीस मिळालं, पण या माणसाच्या तोंडून एक धड वाक्य काही मिळेना. वर्षभर मी त्यासाठी चातकासारखा चोच वासून बसलो होतो.

आणि आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला निघताना त्यांनी ती वही माझ्या हातात दिली! शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं : "पाणी आटलं तर साधं शुद्ध पाणी घालावं, मीठ घालू नये. बाकी काही करू नये. हात तर मुळीच घालू नये."

"जावईबापू, जमेल?"

"अहो बाबा, काहीच तर करायचं नाही!"

"तेच अवघड असतं," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

पहिला दिवस छान गेला. मी कचेरीत अर्ज टाकला : "घरी वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करावयाची असल्याने चार दिवस रजा मिळावी." खोटं नव्हतं. भाऊसाहेबांचं वय कुणाला ठाऊक आहे!

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब थोडे आकसले. थोडेच! भूक लागली असेल, म्हणून मी कोळंबीचा तुकडा दिला. खाल्ला. अजून एक दिला. थुंकला. उजेड जास्त होतोय असं वाटलं, म्हणून दिवा वर केला. मग कमी वाटला, म्हणून खाली केला. पाण्याचा झोत लागतोय असं वाटलं, म्हणून बाही वर केली...

"अहो! हात घालू नका म्हणून लाल शाईत लिहिलंय!"

"अगं, हात कुठे घालतोय? दगड सरकवतोय!"

"दगड काय पायानं सरकवताय?"

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब चालायला लागले. खरंच चालायला! गोगलगाय परवडली, ती निदान चालताना दिसते तरी. हे बघताना हलत नाहीत आणि पाणी पिऊन येईपर्यंत वीतभर पुढे! आणि निघाले कुठे? थेट पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे! मी पंप बंद केला, पंपाला स्पंज गुंडाळला, पंप चालू केला, स्पंज निसटला, पुन्हा हात घातला. मग माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, जागा आवडली नाही की ते चालतं," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही जितकं हलवाल तितकं चालेल. पंपाला जाळी लावा आणि बसून राहा."

"बसूनच आहे हो मी!"

"मग हा पाण्याचा आवाज कसला येतोय?"

हात बाहेर काढला. बायको भाजी चिरता चिरता गुणगुणत होती :

"काचेच्या महालात भाऊसाहेब बसले,
त्यांच्या एका जांभईला घरदार फसले!"

पाचव्या दिवशी सकाळी मी फक्त एकदा, शेवटचा, अगदी हलक्या हातानं दगड सरळ केला आणि कचेरीत गेलो. आमची विम्याची कचेरी. मोठे साहेब सगळ्यांना जमवून काहीतरी समजावत होते. मी खुर्चीच्या टोकावर, एक पाय दाराकडे. तेवढ्यात बायकोचा फोन!

"अहो, भाऊसाहेब पार आकसलेत हो! तोंडातून काहीतरी तपकिरी येतंय!"

मी ताडकन उभा राहिलो. आपण कुठे आहोत याचं भानच राहिलं नाही.

"भाऊसाहेबांच्या तोंडातून? वास येतोय का? अगं, नाक जवळ ने! वास आला की संपलं समज! मग हातमोजे घाल, त्यांना उचल आणि बादलीत टाक!"

शेजारच्या टंकलेखिकाबाई कशाबशा कुजबुजल्या, "बादलीत... मावतील?"

"मावतील!" मी त्याच तारेत म्हणालो. "आकसलेत ना!"

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "ताबडतोब."

काय समजूतदार माणूस, असं मला वाटलं!

घरी पोचलो तर कुलूप. आत टेबलावर चिठ्ठी : "वास नाही. बादली नाही. बाबांना आजच सोडताहेत. आणायला जातेय." दवाखान्यातून एक दिवस आधी का सोडताहेत, ते नंतर कळलं. सलाइन लावायला येणाऱ्या प्रत्येक नर्सबाईला सासरेबुवा मिठाचं प्रमाण विचारत होते.

मी टाकीजवळ गेलो. दगडाच्या डावीकडे अर्धे भाऊसाहेब. उजवीकडे अर्धे भाऊसाहेब. सकाळचा माझा तो हलका हात!

घंटा वाजली. दारात अख्खी कचेरी! साहेबांच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, टंकलेखिकाबाईंच्या डोळ्यांना पदर.

"धीर धरा," साहेब म्हणाले. "कसं झालं हो हे?"

एवढी माणसं माझ्या दुःखात धावून आली! मी सगळं सांगून टाकलं. "माझ्याच हातून झालं, साहेब. मी सकाळी जरासं सरकवायला गेलो, आणि दोन तुकडे झाले!"

टंकलेखिकाबाई चपलांच्या कपाटावर मटकन बसल्या. हिशेबनीस हळूच एक पाऊल मागे सरकला. साहेब म्हणाले, "त-तुकडे?"

"दोन. दोघेही आत आहेत. बघता का?"

कुणालाच बघायचं नव्हतं. सगळे मागे वळले, आणि वळतात तो काय! जिन्याच्या तोंडाशी, चालायच्या घोडीला धरून, बायकोच्या आधारानं, साक्षात सासरेबुवा!

"जावईबापू," ते म्हणाले, "एवढी माणसं कशाला? गुडघाच तर होता."

पुढची दहा मिनिटं मी कोणाकोणाला काय काय समजावलं, ते विचारू नका. साहेबांनी गुच्छ ओशाळत सासरेबुवांच्या हाती दिला आणि "मग लवकर बरे व्हा" असं पुटपुटत सगळी कचेरी जिना उतरली. माझ्या रजेच्या अर्जाबद्दल उद्या बोलू, हे मात्र साहेब खालच्या मजल्यावरून ओरडून सांगायला विसरले नाहीत.

मग मी दुकानदाराला फोन लावला. "दोन झाले? दोन्ही दगडाला चिकटलेत? मग जिवंत आहेत! घाबरवलं की ते स्वतःला वाटून घेतं, साहेब. आता तरी हात बाहेर ठेवा."

बायको आत गेली. खोलीत उरलो आम्ही दोघं, मध्ये टाकी आणि टाकीतही दोघं. सासरेबुवा मांडीवर गुच्छ घेऊन पाण्याकडे बघत होते. आता वर्षभराचा अबोला जन्मभराचा होणार, हे मला दिसत होतं. मी उठलो, बसलो, पडदा सारखा केला, पुन्हा बसलो. शेवटी सगळं ओकून टाकलं. कोळंबी, दिवा, स्पंज, दगड.

"हात किती वेळा घातलात?"

"मोजलं नाही, बाबा."

ते घसा खाकरून म्हणाले,

"एक सांगू? मला हे भाऊसाहेब मुळीच आवडत नाहीत. पहिल्या दिवसापासून अंगावर काटा येतो."

"काय?" मी खुर्चीवरून घसरायचाच बाकी राहिलो. "अहो, मग वर्षभर..."

"लेकीच्या घरी नुसतं बसायचं कसं? आणि तुमच्याशी बोलायचं तरी काय? मीटरवाला मी. घरात शिरायचं, आकडा लिहायचा, निघायचं. दुसरं काही येत नाही." त्यांनी गुच्छातलं एक पान चुरगाळलं. "दुकानदाराला म्हटलं, बघितल्यावर कुणीही थांबून विचारेल असं काहीतरी दे. वाटलं, जावईबापू येता-जाता थांबतील, म्हणतील, बाबा, हे काय हो? मग मी सांगेन. सगळं पाठ करून ठेवलं होतं. आणि तुम्ही... तुम्ही वर्षभर टाकीला वळसा घालून जात राहिलात!"