कल्लाप्पाण्णांचे एक्केचाळीस चाकू

उचगावच्या कल्लाप्पा मगदुमांकडं घडीचे एक्केचाळीस चाकू होते, आणि त्यातला एकही त्यांनी माणसावर तर सोडाच, दुधीभोपळ्यावरसुद्धा उगारलेला नव्हता. पाटबंधारे खात्यात क्लार्क असताना जिथं जिथं बदली झाली तिथल्या बाजारांतून, जत्रांतून त्यांनी ते जमवले होते. पितळी मुठीचे, शिसवी मुठीचे, एक तर चक्क माशाच्या आकाराचा. रोज सकाळी त्यातला एक निवडून ते सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मगच उंबरा ओलांडत. (बाकीचे क्लार्क पेन घेऊन निघत. कल्लाप्पाण्णा पेन शेजारच्या टेबलावरून मागून घेत.)

"मुंगी दिसली तर वाट सोडून चालणारी आपली जैन माणसं," त्यांच्या पत्नी अरुणाताई म्हणत, "आणि तुमच्या खिशात चाकू. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दाखवा बघू."

रिटायर होईपर्यंत एकही माणूस तसं म्हणाला नाही. आणि अचानक एका शनिवारी फोन आला. गारगोटीच्या वाचनालयात जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, आणि ते भरवणारे उदयसिंह देसाई सर उद्या सकाळी दहाला चाकू बघायला येणार होते.

फोन ठेवल्यावर कल्लाप्पाण्णांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण सुटलं. त्या भरात त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. चाकूंना वार्निश मारायचं.

दारांचं उरलेलं वार्निश माळ्यावर होतंच. दुपारभर अंगणात बसून त्यांनी चाकूंना मिटल्या मिटल्या दोन-दोन हात दिले. वार्निश कमी पडू नये म्हणून सांध्यात जरा जास्तच सोडलं. मग वाळत घातलेले चाकू कौतुकानं मोजले. चाळीस भरले. परत मोजले. चाळीसच.

नव्हता तो नेमका आजोबांचा चाकू. कुरुंदवाडच्या पानमळ्यात वेलींच्या दोऱ्या कापायला आजोबांनी जन्मभर वापरलेला. हरवेल या भीतीनं कल्लाप्पाण्णा तो कधी खिशातही ठेवत नसत. पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला असायचा. आता फडकं होतं, चाकू नव्हता.

अरुणाताई देवळात गेल्या होत्या. कल्लाप्पाण्णांनी मेव्हण्याला, सम्मेदला फोन लावला.

"दिवाळीत तू आलतास न्हवं?"

"आलतो की दाजी."

"जाताना काय नेलंस?"

"आक्कानं चकल्या दिल्या."

"अजून?"

"अजून काय न्हाय. डबा परत पाहिजे काय?"

"डब्याचं न्हाय. धारेचं विचारालोय मी."

"धारेचं? म्हैस आटल्या दाजी."

कल्लाप्पाण्णांनी फोन ठेवून दिला. अरुणाताई आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, "सापडंल की," म्हणाल्या आणि भेंडी चिरायला आत गेल्या.

रविवारी दहाच्या ठोक्याला देसाई सर हजर. पांढऱ्या चादरीवर चाळीस चाकू लखलखत होते. सरांनी पितळी मुठीचा उचलला, पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. नख तुटलं.

"जरा घट्ट हाय," कल्लाप्पाण्णा म्हणाले. "दुसरा बघा."

दुसरा, तिसरा, आठवा. वार्निशनं सगळे सांधे असे धरले होते की एकही पातं बाहेर यायला तयार नव्हतं. कल्लाप्पाण्णांनी आधी दात लावले, मग पक्कड आणली. माशाची शेपटी पकडीत आली, पातं आतच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "दाखवा बघू" म्हणत आलं होतं.

"अण्णा," देसाई सरांनी हळूच विचारलं, "ह्यातला एकतरी उघडतो काय?"

त्याच वेळी अरुणाताई पेरूच्या फोडींची ताटली घेऊन आल्या. शेवटचा पेरू चिरायचा राहिला होता. तो त्यांनी तिथंच उभ्याउभ्या, दुसऱ्या हातातल्या चाकूनं चार घावांत चिरला आणि अंगठ्यानं पातं मिटलं. टक्.

सरांनी ताटली बाजूला सारून चाकू मागितला. उघडला, मिटला, परत उघडला. पातं सुताएवढंही डुगडुगत नव्हतं. "अहो, हा जिवंत चाकू हाय. कुणाचा?"

"माझा," कल्लाप्पाण्णा आणि अरुणाताई एकदम म्हणाले.

मग अरुणाताईंनी कल्लाप्पाण्णांकडं न बघता सांगितलं. "चार वर्षं झाली. विळीवर बसलं की गुडघं धरत्यात माझं. ह्यो पेटीत नुसता पडला होता, म्हणून घेतला. धुतला की लगेच पुसत्ये. आठवड्यातनं एकदा सांध्यात शिलाई मशिनचं तेल, एकच थेंब. धार गेली की चहाच्या कपाच्या बुडावर घासत्ये."

कल्लाप्पाण्णा रागावणार होते. शब्दसुद्धा ओठांवर आले होते. पण त्यांनी पात्याकडं पाहिलं. पानमळ्यात आजोबांच्या हातात ते असंच चमकायचं. पेटीत ठेवल्यापासून त्यांनी ते तसं कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या हिनं राखलाय," ते सरांना म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

प्रदर्शनात तो चाकू काचेच्या पेटीत, मधोमध मांडला होता. खाली पाटी होती: 'सौ. अरुणा मगदूम यांच्या रोजच्या वापरातला चाकू.' बायका येऊन कपाच्या बुडाचं नीट समजून घेत होत्या, अरुणाताई न दमता सांगत होत्या, आणि शेजारी नव्या सदऱ्यात उभे कल्लाप्पाण्णा येणाऱ्या प्रत्येकाला "आमच्या मिसेस" म्हणून ओळख करून देत होते.

"आणि तुमचे चाळीस?" कुणीतरी विचारलं.

"तेबी हाईत की प्रदर्शनात," कल्लाप्पाण्णा ताठ मानेनं म्हणाले. उचगावात परतल्यावरही त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाचे सुटे कागद होते, वर पंखा जोरात होता, आणि देसाई सरांनी प्रत्येक गठ्ठ्यावर दोन-दोन चाकू ठेवले होते.

प्रदर्शन बंद होताना संध्याकाळी कल्लाप्पाण्णांनी चष्मा लावून ते कागद एकेक करून वाचले. चाळिसांबद्दल एकच अभिप्राय होता. 'पेपरवेट लई देखणी हाईत. कुठं मिळतील?'