बोर्येचा झेंडा आणि दोन केक

"इल्वा, बापाच्या हातांकडे बघ जरा," आईबाबांच्या शेजारचे रूनेकाका मे महिन्यात बेटाच्या धक्क्यावर उभे राहून म्हणाले होते. "त्याची होडी सुटून या महिन्यात दोनदा माझ्या दारात आली. पाळीव मांजर यावं तशी!"

इल्वा हसली होती. "काका, बाबांनी या बेटावरच्या तीन पिढ्यांना गाठी मारायला शिकवलंय! दोरीच जुनी असेल."

"दोरी मीच दिलेली आहे. नवीन!" रूनेकाका म्हणाले. पण तोवर इल्वाचं लक्ष कडेवरच्या सिक्स्टेनकडे गेलं होतं. त्याने तोंडात काहीतरी घातलं होतं. बटण? खडा? शिंपला? निघाला बिस्किटाचा तुकडा.

इल्वाचं हे असं होतं. सात महिन्यांच्या सिक्स्टेनचा श्वास चालू आहे की नाही हे ती दिवसातून दहा वेळा नाकापाशी बोट धरून बघे. आंघोळीच्या पाण्यात कोपर, कोपरानंतर थर्मामीटर, थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून परत कोपर! एवढी काळजी एकाच पाळण्याभोवती खर्च झाली की आईबाबांच्या वाट्याला काही उरत नसे. आणि त्यांची कसली आलीय काळजी! बाबांनी, म्हणजे बोर्येने, चाळीस वर्षं मोठमोठ्या जहाजांना या खडकाळ समुद्रातून वाट दाखवली होती. आई, माय-ब्रिट, शाळेतून निवृत्त झाली, त्याच दिवशी त्याने फ्रिजवर कागद चिकटवला होता. जून ते ऑगस्ट, नऊ बेटं, नऊ जुने मित्र, आपली लाकडी होडी!

"आणि फोन?" इल्वाने विचारलं होतं.

"डब्यात. बंद करून," बोर्ये छाती काढून म्हणाला. "फोन असतो संकटासाठी. चालू ठेवला तर संकट यायच्या आधीच त्याची बॅटरी संपते!"



मधे एकदाच, जुलैतल्या एका मंगळवारी, माय-ब्रिटने फोन डब्यातून काढला होता. "काही खास नाही गं. सहज केला." तेव्हा इल्वाच्या एका हातात वाटाण्याची पेस्ट होती, दुसऱ्या हातात सिक्स्टेनचा पाय, आणि उरलेली पेस्ट भिंतीवर. "आई, नंतर करते हं!" ती म्हणाली.

त्याला नऊ दिवस झाले.

दहाव्या दिवशी सकाळी रूनेकाकांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. ज्यांचा आवाज मुलुखभर ओरडण्यासाठीच प्रसिद्ध, त्यांचा आवाज मऊ!

"इल्वा, आम्ही सगळे तुझ्याबरोबर आहोत बरं."

सिक्स्टेनला दात येत होता आणि दोन दिवस घरात आकांत चालला होता. ही बातमी बेटापर्यंत पोचली याचं तिला नवल वाटलं नाही. तिथे शिंकलं तरी पोचतं.

"थँक्यू काका. फार त्रास झाला हो. पण आता सुटलो एकदाचे!"



"सुटलो?" रूनेकाकांनी विचारलं.

"हो ना! शेवटी शेवटी तर वाटायला लागलं होतं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."



"पोरी," रूनेकाका चाचरत म्हणाले, "आमच्या मनात फक्त एवढंच आहे की... बोर्ये की माय-ब्रिट?"

"कोण काय?"

"अगं, तुमचा झेंडा अर्ध्यावर आहे."

इथे दारादारात झेंड्याची काठी असते. वाढदिवसाला झेंडा वर, सूर्य मावळला की खाली. आणि घरातलं कुणी गेलं, तर अर्ध्यावर. मग कुणी काही विचारत नाही. काळे कपडे घालतात आणि येतात.

इल्वाने फोन खिशात कोंबला. पोराला गाडीत बांधलं, घाबरून नेहमीचा रस्ताही आठवेना, तरी दोन तास गाडी हाकली. वाटेत अठरा वेळा फोन लावला. अठरा वेळा तो डब्यात बंद होता.

रूनेकाकांच्या बोटीतून ती बेटावर उतरली, तर जुलैच्या भर उन्हात धक्क्यावर आठ माणसं काळ्या कपड्यांत घामाघूम उभी! मधे शेजारच्या शेश्टिनमावशी, दोन हातांत दोन केक. इथल्या रिवाजाचे, खारे. पाव, अंडी, कोळंबी, वर लिंबाच्या चकत्या.

"दोन का?" इल्वाच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

शेश्टिनमावशींनी खाली बघितलं. "बोर्ये राहिला असेल तर त्याला सॅमन मासा लागतो. माय-ब्रिट राहिली असेल तर तिला सॅमनचा वाससुद्धा चालत नाही. मग म्हटलं, दोन्ही तऱ्हेचे असू देत."

घराला कुलूप होतं. किल्ली इल्वाकडे. आत सगळं आवरलेलं, दोन कप पालथे, दोन्ही रेनकोट गायब. फ्रिजवरच्या कागदावर कालच्या तारखेपुढे लिहिलं होतं: "लग्नाचा वाढदिवस. सकाळी झेंडा. जेवायला स्टुरेकडे. संध्याकाळी घरी, नाहीतर वारा नेईल तिकडे."

वारा नेईल तिकडे! इल्वाने कागद फाडायचाच बाकी ठेवला. बाबांच्या नऊ मित्रांपैकी त्या स्टुरेला फोन लावला. कुणी उचलेना.

"आता विचार करा," रूनेकाका बाहेर पायरीवर सगळ्यांना समजावत होते. "दोघंही गेले असते तर झेंडा अर्ध्यावर आणला कुणी? दोघंही असते तर आणलाच नसता. म्हणजे एकजण आहे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तर्क पक्का होता.

इल्वा पायरीवर बसली. मांडीवर सिक्स्टेन. एकजण आहे. आणि तिच्या लक्षात आलं की आपलं मन नकळत निवड करू लागलंय. तिने ते विचार गपकन उपटले, बाळाच्या तोंडातून काही ओढून काढावं तसे. पण निवड कुणाची होत होती, ते तिला दिसलं होतं. ते तिने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. टक टक टक टक.

खडकाच्या वळणाआडून लाकडी होडी पुढे आली. इल्वा उठून उभी राहिली. होडीत एक डोकं... आणि त्याच्या मागे, फुलाफुलांच्या रुमालातलं, दुसरं.

दोन! तिने परत मोजलं. दोनच!

बोर्येने धक्क्यावरची काळी गर्दी बघितली, वर झेंडा बघितला, आणि घाईने इंजिन बंद केलं. टोपी काढली. मान खाली घालून होडीत ताठ उभा राहिला. माय-ब्रिटनेही हात जोडले. होडी आपली हळूहळू तरंगत आली.

"कोण गेलं?" बोर्येने हलक्या आवाजात विचारलं.

"तू!" रूनेकाका ओरडले.

"मी?"

"नाहीतर ती! आमचं अजून ठरत नव्हतं!"

बोर्येने टोपी परत घातली. "हा कुणाचा चावटपणा? मी काल झेंडा टोकाला चढवला होता. माझी गाठ! माझी गाठ सुटणं शक्यच नाही!"

तो तरातरा काठीपाशी गेला. गाठ सुटलेली होती. रात्रीच्या वाऱ्याने दोरी सरकून मधेच अडकली होती. बोर्येने ती सोडवून परत बांधायला घेतली. एकदा. दोनदा. बोटं दोरीच्या पुढे जात होती आणि थरथरून मागे येत होती. आठही माणसांना अचानक समुद्र फार बघण्यासारखा वाटू लागला.

"बाबा, पोराला घ्या," इल्वा म्हणाली. "मी बांधते."

त्याने नातवाला घेतलं. "डावीकडून," एवढंच म्हणाला. तिने डावीकडून बांधली.

मग दोन्ही केक फस्त झाले. कोट झाडांना टांगले गेले. स्टुरेचा फोन आला की आम्ही वाफेच्या खोलीत होतो, काही विशेष? बोर्ये स्वतःच्या मरणाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता आणि दर खेपेला रडणारी माणसं वाढत होती.

इल्वा आईजवळ सरकली. "आई, त्या मंगळवारी फोन कशाला केला होतास?"

"सहज गं."

"आई!"

माय-ब्रिटने ताटलीतली कोळंबी उगाच बाजूला सारली. "हल्ली त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. डॉक्टरकडे यायला तयार नाही. वाटलं, तुझ्या कानावर घालावं. पण तू कामात होतीस."

 डॉक्टरची वेळ इल्वाने दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. बोर्ये कुरकुरत गेला, कारण त्या दिवशी सहावं बेट होतं.

सगळ्यांच्याच दारात झेंड्याची काठी नसते. म्हणून इल्वाचं तुम्हाला सांगणं आहे: आज उठा आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन या. कसे आहात असं मात्र विचारू नका, मजेत आहोत म्हणतील! समोर बसा, चहा मागा, आणि ते कप कसा धरतात तेवढं बघून या.