मोडलेले संकल्प नेणारा दिगू

दिगू साठे स्वतःसाठी कधीच संकल्प करत नाही. दुसऱ्यांनी केलेले आणि मोडलेले संकल्प तो घरी घेऊन जातो आणि पुढे चालवतो.

हा माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघंही जन्मानं कोलकात्याचे. मी बायकोबरोबर शहराच्या उत्तरेला बराकपूरला राहतो, दिगू पार दक्षिणेला बेहालाला. लग्न केलं नाही, एका शाळेत भूगोल शिकवतो. मोडकं काहीही दिसलं की हात पुढे करून म्हणतो, "दे इकडे." मग ती छत्री असो, टेबलफॅन असो, नाहीतर माझा निश्चय.

माझ्याकडे मोडक्या निश्चयांची टंचाई कधीच नव्हती. इथल्या मराठी माणसाला वर्षातून तीन नववर्षं मिळतात: एक जानेवारी, गुढीपाडवा आणि बंगाल्यांचा पोइला बैशाख. तिन्ही वेळा मी मनापासून चांगला माणूस व्हायचं ठरवतो.

एका पाडव्याला मी पेटी शिकायला घेतली. पोइला बैशाख येईपर्यंत तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलो होतो. दिगूनं ते कपडे नीट उचलून पलंगावर ठेवले, "दे इकडे" म्हणाला आणि पेटी टॅक्सीत घालून घेऊन गेला. आता रोज संध्याकाळी वाजवतो. त्याला सुराचं अंग नाही. शेजारचे घोषालबाबू खिडकीतून विचारतात, "साठेदा, हे गाणं कधी संपणार?" दिगू शांतपणे सांगतो, "विचारावं लागेल. शिकणारा बराकपूरला असतो."

पण खरी शरम गोडाची. माझा रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला, तेव्हा मी एक जानेवारीपासून गोड सोडलं. कोलकात्यात, जानेवारीत, दुकानादुकानांत खजुराच्या नव्या गुळाचा संदेश येतो त्याच दिवसांत. पहिल्याच आठवड्यात एस्प्लनेडच्या एका दुकानात दिगूनं मला पकडलं.

"दे इकडे," तो म्हणाला. तो संदेश मागतोय असं वाटून मी अर्धा तुकडा पुढे केला. त्यानं नुसती मान हलवली. त्या दिवसापासून दिगूनं गोड सोडलं आहे. त्याच्या रक्तात काहीही दोष नाही. घरी आला की बिनसाखरेचा चहा पितो आणि माझ्या बशीकडे बघून म्हणतो, "खा रे. तुझं मी सोडलंय." माझ्या घशाखाली तो घास उतरत नाही. तरी बशी रिकामी होते, हेही सांगायला हवं.

त्याचा नियम असा की मालकाला आपला संकल्प कधीही परत मागता येतो. मी एकही मागितला नव्हता.

गेल्या वर्षी दिगूची आई गेली. त्या घरात ती दोघंच होती; आई दिवसभर स्वयंपाकघरातून त्याच्याशी बोलत असायची. या एक जानेवारीला मी ठरवलं, दर रविवारी बेहालाला जायचं. दिगूला बोललो नाही. फक्त बायकोला, सुनंदाला सांगितलं. पहिल्या रविवारी गेलो. दुसऱ्या रविवारी थंडी होती. तिसऱ्या रविवारी पाय मुरगळल्यासारखा वाटला. कुठला, ते सुनंदानं विचारलं तेव्हा मला ठरवावं लागलं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात माकडटोपी घातलेला दिगू.

"मोडला ना? वहिनी म्हणाल्या फोनवर. दर रविवारी मित्राकडे जायचं, हाच ना? मग मी आलो."

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. रिक्षा, बस, सियालदाहून गाडी. येऊन स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसतो आणि पेपर उघडतो. आत सुनंदा नागपूरच्या बहिणीशी फोनवर भाजीपासून भाचीपर्यंत सगळं बोलते, मधेच मला झापते. दिगूचं पेपरचं पान काही उलटत नाही.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. तो निघताना बूट घालत होता. मी म्हणालो, "दिगू, माझा संकल्प मला परत दे. तू कशाला एवढा प्रवास करतोस? पुढच्या रविवारपासून मी येतो. या वेळी नक्की."

तो नाडी बांधत राहिला. बांधून झाली तरी खालीच बघत होता.

"पेटी ने हवी तर," तो म्हणाला. "गोडाचंही परत घे. हा मात्र राहू दे."

"का रे?"

"तू आलास तर आपण दोघं बोलू, ते ठीक आहे. पण इथे स्वयंपाकघरातून मराठी ऐकू येतं."

तेवढ्यात आतून सुनंदाची हाक आली, "भावजी, थालीपिठांचा डबा राहिला."

हाक मला स्पष्ट ऐकू आली. दिगूला माझ्याहून चांगलं ऐकू येतं. पण तो कडीवर हात ठेवून, पाठमोरा, तसाच उभा राहिला.

"अहो भावजी," सुनंदानं पुन्हा हाक मारली, "डबा न्या ना."

मग तो वळला.