हसऱ्या चेहऱ्यावर बोट

नूतनीकरणानंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुंदननं दोधूला काउंटरपाशी बोलावलं आणि टॅबलेटचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

"दोधूकाका, हे काय आहे?"

दोधूनं वाकून बघितलं. "कोनी मरी गयं का?"

"मेलं कोणी नाही. हे तुमचे मार्क आहेत. तीन दिवसांत एकसष्ट गिऱ्हाइकांनी रडका चेहरा दाबलाय. हसरे फक्त दोन. त्यातला एक मी दाबला, मशीन चालू आहे का ते बघायला."

"आन दुसरा?"

"पप्पांनी."

"यामा मन्हा काय संबंध, भाऊ?"

"वरती प्रश्न काय लिहिलाय? 'आमची सर्व्हिस कशी वाटली?' इथे सर्व्हिस कोण देतं?"

सर्व्हिस दोधूच देत होता. तेवीस वर्षं देत होता. शहाद्याच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं 'दिलखुश परमिट रूम' चुनीलाल पाटलांनी काढलं, त्या पहिल्या दिवसापासून. कोणाला सोडा चालतो, कोणाला नुसतं पाणी, कोणाची बायको माहेरी गेलीय आणि कोणाची नुकतीच परत आलीय, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. दिलखुशचं रेक्झिन फाटलेलं होतं, पंखा कण्हायचा, आणि मोरीकडे जाताना माणूस श्वास रोखून जायचा. या तिन्ही गोष्टींबद्दल गिऱ्हाइकं तेवीस वर्षं रोज तक्रार करत होती आणि तेवीस वर्षं रोज येत होती.

मग चुनीभाऊंचा मुलगा कुंदन पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला. तीन महिने शटर बंद राहिलं, आतून ठोकाठोकीचे आवाज येत राहिले, आणि शटर उघडलं तेव्हा पाटीवर 'ब्लू लीफ' लिहिलेलं होतं.

गावानं मतं द्यायला सुरुवात केली. समोरचे कापड दुकानदार चंपालाल जन्मात कधी त्या दारातून आत गेले नव्हते. तरी ते गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता सांगत, "आपण काही आत जात नाही, पण रंग चुकला." दोधूची बायको रंजनाबाई बाजारातून येताना बाहेरूनच बघून म्हणाली, "बाईर्थून ते दवाखाना दिसस." भटू कंडक्टरनं नावाचं भाषांतर करून टाकलं, 'निया पाला'. "आते आम्ही पाला खावाले येवानं का?" हे तो शहादा-म्हसावद गाडीत तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला विचारायचा. चार दिवसांत निम्म्या तालुक्यात तेच नाव झालं.

आतल्या उजेडाबद्दल तर एकमत होतं. त्या निळ्या दिव्यांखाली ग्लासातली व्हिस्की रेशनच्या रॉकेलसारखी दिसायची. गाण्याला शब्द नव्हते, नुसती धडधड होती. पण खरा राग होता तो स्टुलांवर. छातीएवढी उंच, गोल, आणि पाठ टेकायला काही नाही. एकाहत्तर वर्षांचे हिलाल गुरुजी दोधूच्या खांद्यावर हात ठेवून वर चढायचे आणि एकदा चढले की घोड्यावरच्या नवरदेवासारखे दोन्ही हातांनी धरून बसायचे. नवरदेवाला निदान वरात संपल्यावर उतरवतात. गुरुजींना लघवीला जायचं म्हटलं की दोधूला हाक मारावी लागे.

दोधूचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्याला काळं जाकीट आणि गळ्यात बो मिळाला होता, एवढंच.

आता ही सगळी मतं दाराजवळच्या खांबावरच्या टॅबलेटात जात होती. जाताना स्टूल आठवलं की बोट रडक्या चेहऱ्यावर, दिवे आठवले की रडक्या चेहऱ्यावर. आणि ते सगळं दोधूच्या नावावर चढत होतं.

"महिनाभर बघतो," कुंदन म्हणाला. "हेच राहिलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका. डेटा आहे."

हा मुलगा लहान असताना दोधूनं त्याला सायकलवर बसवून शाळेत सोडलं होतं. दोधूनं काउंटरमागे बसलेल्या चुनीभाऊंकडे बघितलं. चुनीभाऊंना त्याच वेळी चष्मा पुसायची गरज पडली.

पन्नाशी ओलांडलेल्या वेटरला शहाद्यात दुसरं कोण ठेवणार? त्या संध्याकाळी दोधूनं टेबलाटेबलाशी जाऊन हात जोडले. "भाऊ, जाताना हसरं तोंड दाबा. रडकं दाबं का मनी नोकरी जास."

भटू कंडक्टर तिथल्या तिथे उठला. "आसं शे का? पहिले सांगाले काय व्हयनं तुले?" तो खांबापाशी गेला आणि तिकिटाच्या मशीनवर बटणं दाबायच्या सवयीनं हसऱ्या चेहऱ्यावर बारा वेळा बोट आपटून आला. "म्हसावद फुल तिकीट बारा," तो म्हणाला.

हिलाल गुरुजी मात्र ऐकेनात. ते नोकरीत असल्यापासून शुद्धच बोलत आणि दोन पेगनंतर अधिकच शुद्ध बोलत. "दोधू, मी छत्तीस वर्षं शिकवलं. सरपंचाच्या मुलाला नापास केलं, पण खोटा गुण दिला नाही. हे आसन बसण्यायोग्य नाही, हे माझं मत आहे."

"गुरुजी, तुमनं मत बराबर शे. पन पोट मन्हं शे."

गुरुजींनी ग्लास संपवला. मग दोधूच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले, खांबापाशी गेले, आणि आयुष्यातला पहिला खोटा गुण देऊन घरी गेले.

आठवड्यात पडदा हसू लागला. दोधूला वाटलं, सुटलो.

कुंदननं तो पडदा बापाला दाखवला, फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवला आणि कामाला लागला. लोकांना नवीन रूप आवडलंय म्हटल्यावर जुनं काही ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. कोपऱ्यात दोन जुनी टेबलं पाठीच्या खुर्च्यांसकट राहिली होती, ती गेली. फुकटचे खारे दाणे बंद होऊन त्या जागी मेनूत 'नाचोज' आले. धडधड आणखी दोन आकड्यांनी वाढली.

गिऱ्हाइकांनी दोधूला धरलं. "तुन्हा करता हसरं दाबं आन तू आमना दाना बंद करात!"

दोधूनं धीर केला आणि कुंदनला गाठलं. "कुंदनभाऊ, लोकेसले ते स्टूल आवडत नही."

"कोण म्हणतं?"

"समदा म्हनतस."

कुंदन हसला. पुण्यात त्यांना याच विषयाचा एक अख्खा पेपर होता. "काका, लोक तोंडानं काहीही बोलतात. बोट खोटं बोलत नाही." त्यानं पडदा पुढे केला. या आठवड्याचे दोनशे चौदा हसरे. रडका एकही नाही.

बोटं खोटी बोलतात, आणि ती मीच बोलायला लावली, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. दोधूनं तोंड उघडलं. मग त्याला रंजनाबाई आठवली, घरभाडं आठवलं, आणि त्यानं तोंड मिटून पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता हिलाल गुरुजी पडले. दोधू आत बर्फ आणायला गेला होता. गुरुजींनी तीनदा हाक मारली, ती धडधडीत विरून गेली. मग त्यांनी एकट्यानंच उतरायचं ठरवलं. स्टूल गोल फिरलं, गुरुजी उजव्या हातावर आले, आणि मनगट मोडल्याचा आवाज गाण्यातूनही ऐकू आला.

रिक्षा आली. एका बाजूनं दोधू, दुसऱ्या बाजूनं भटू असे गुरुजींना धरून दाराकडे नेऊ लागले. खांबापाशी गुरुजी थांबले.

"थांबा. मला मत द्यायचं आहे."

"गुरुजी, हात तुटना शे तुमना!" भटू ओरडला.

"डावा शाबूत आहे."

गुरुजींचा डावा हात वर उठला आणि रडक्या चेहऱ्यासमोर जाऊन थांबला. गुरुजींनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बो वाकडा झाला होता, जाकिटावर बर्फाचं पाणी सांडलं होतं. गुरुजींनी एक सुस्कारा टाकला आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं.

"चला," ते म्हणाले. "फार दुखतंय."

दुसऱ्या दिवशी कुंदन बापाला सांगत होता, "पप्पा, पडलेला माणूससुद्धा हसरा चेहरा दाबून गेला. स्टूल बदलायचा विषयच संपला."

गुरुजी विधुर. मुलगा सुरतेला, त्याला शनिवारपर्यंत रजा नव्हती. दोधूनं चुनीभाऊंकडे चार दिवसांची सुट्टी मागितली. त्यांनी कुंदनकडे न बघता घाईघाईनं दिली. मग चार दिवस दोधूनं गुरुजींना आंघोळ घातली, धोतर नेसवलं, रंजनाबाईनं पाठवलेल्या डब्यातली भाकरी कुस्करून भरवली. गुरुजी स्टुलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर दोधूला बरं वाटलं असतं.

शनिवारी मुलगा आला. रविवारी सकाळी दोधू जाकीट इस्त्री करून कामावर गेला. शटर अर्धं वर होतं. कुंदननं त्याला बसायला स्टूल दिलं. दोधू उभाच राहिला.

"काका, एक गंमत झाली," कुंदन म्हणाला. "तुम्ही चार दिवस नव्हतात. मला टेन्शन आलं होतं, सर्व्हिस कोण देणार? लोक काउंटरवर आले, आपापले ग्लास घेऊन गेले. आणि हे बघा." त्यानं पडदा फिरवला. "चार दिवसांत एकशे बावन्न हसरे. रडका एकही नाही. तुम्ही होतात त्यापेक्षा जास्त."

दोधूनं वाकून पडदा बघितला.

"म्हणजे लोकांना सेल्फ सर्व्हिसच आवडते. हे मी नाही ठरवलं, काका. गिऱ्हाइकांनीच ठरवलं. या महिन्याचा पूर्ण पगार देतो."

चुनीभाऊ काउंटरमागून उठले. "दोधू, मी पोऱ्याले समजाडं..." एवढं म्हणून ते मोरीकडे निघून गेले. मोरी आता चकचकीत होती. तिथे माणसाला हवा तितका वेळ थांबता येत होतं.

दोधूनं जाकीट काढून घडी करून ठेवलं. घरी जायचा धीर होईना, म्हणून तो एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून राहिला. पाच वाजता म्हसावदची गाडी लागली आणि दारातून भटूची हाक आली.

"दोधू भो! गुरुजी कशा शेत?"

"बरा शेत."

"आन आयक! तू चार दिन नव्हता ना, मी एक दिन बी खाडा नही पाडा. रोज वीस-पंचवीस खेप हसरं दाबी ऱ्हायंतू. बाकीनासले बी दाबाले लायं. म्हनं, आपला मानूस गुरुजीनी सेवा करी ऱ्हायना, त्याना मागे त्यानी नोकरी आपनच संभायानी!" भटूचा चेहरा घामानं आणि समाधानानं चमकत होता. "काही बोलना का कुंदन?"

दोधू उठून गाडीच्या दारापाशी गेला. सांगावं की नाही, हे त्याला कळेना. भटू वाट बघत होता, एक पाय पायरीवर, शाबासकीसाठी जरा पुढे झुकलेला.

"बोलना," दोधू म्हणाला. "म्हने, लोके खूश शेत."

"मंग!" भटूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आते आज संध्याकायले मन्हा गिलास तूच आन बरं. काउंटरवर जाई जाई पाय दुखतस."

"भटू, आते तुन्हा गिलास तुलेच आनना पडी."

पण तोवर भटूनं घंटी ओढली होती आणि ड्रायव्हरनं गाडी रेस केली होती. "काय म्हनना?" भटू दारातून लोंबकळत ओरडला.

दोधूनं काही नाही म्हणून हात हलवला, आणि गाडी वळून नजरेआड होईपर्यंत तो तसाच हलवत राहिला.